पंखा बंद करणाऱ्या काकांना

युआसातल्या काकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. गाडीची वेळ झाली होती, आबा दारातच तुमचा हात धरून उभे होते, आणि त्या दोन हातांकडे बघताना मला नाव विचारायचं सुचलंच नाही. आता आठ महिने झाले. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. जपानीतलं पत्र मी वेगळं लिहून तुमच्या पत्त्यावर धाडलं आहे. पण जपानीत आभाराची वाक्यं ठरलेली असतात आणि मला जे म्हणायचंय ते त्यांत मावेना. शिवाय हे पत्र मला आबांना वाचून दाखवायचं आहे. म्हणून हे मराठीत.

आबा म्हणजे माझे वडील. मे महिन्यात पांढरी काठी घेऊन, डोक्यावर टोपी घालून तुमच्या सोया सॉसच्या कारखान्यात आले होते ते. कागल तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी पस्तीस वर्षं गुळव्या म्हणून काम केलं. तुम्हाला मी त्या दिवशी घाईघाईत 'उसाची साखर करणारे' असं सांगितलं, ते बरोबर नव्हतं. गुऱ्हाळावर रस काढणारा वेगळा, चुलवाणात चिपाडं घालून जाळ राखणारा वेगळा, आणि काहिलीपाशी उभा राहून रस कधी उतरवायचा हे ठरवणारा तो गुळव्या. त्याचा अंदाज क्षणभर चुकला तर हजार लिटर रसाचं मातेरं होतं. आबांचा चुकत नसे. आजूबाजूच्या चार गावांतून त्यांना बोलावणं यायचं.

मग त्यांना काचबिंदू झाला. झाला म्हणजे आतून होतच होता, कुणी ओळखला नाही. जिथे आम्ही दाखवायला जायचो तिथे दोन वर्षं फक्त चष्म्याचा नंबर बदलून देत राहिले. 'वयामानानं होतं' म्हणाले. डोळ्यातला दाब मोजायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं त्यांना दोन वर्षांत मिळाली नाहीत. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. हे आम्हाला कळलं तेव्हा डावा डोळा गेलेला होता आणि उजव्यात थोडा उजेड उरला होता. पुढे तोही गेला. त्यानंतर चार वर्षं आबा गुऱ्हाळाच्या वाटेला फिरकले नाहीत. हंगामात गावभर गुळाचा वास सुटायचा तेव्हा घरात जाऊन बसायचे, खिडकी लावून.

मी ओसाकात राहते. आईच्या वर्षश्राद्धानंतर आबांना थोडे दिवस माझ्याकडे आणायचं ठरवलं. इकडे फिरवावं म्हणून एका सहल कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस चांगला मराठी होता, पुण्याचाच. तो म्हणाला, "ताई, त्यांना दिसत नाही तर पैसे कशाला वाया घालवताय? घरीच ठेवा, आराम करू द्या." मी फोन ठेवला. आबा शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं होतं.

तरीही मी त्यांना घेऊन आले. मला वाटलं होतं, मंदिरं आणि किल्ले नकोत, जिथे काहीतरी शिजतं, आंबतं, वास सुटतो अशा ठिकाणी न्यावं. म्हणून आधी दुसऱ्या एका शहरात सोया सॉसचा मोठा कारखाना बघायला गेलो. त्याचं नाव मी घेत नाही. तिथल्या बाईंनी आम्हाला बघून हसून स्वागत केलं, सगळ्यांना विचारलं, "आज सकाळी नात्तो खाल्लंय का?" आबांना विचारलं नाही. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्यातले जिवाणू सोया सॉससाठी लावतात त्या कोजीच्या बुरशीचा घात करतात, म्हणून जपानात शोयु, म्हणजे सोया सॉस, करणारे येणाऱ्याला हे विचारतात, एवढं मला माहीत होतं. आबांना का नाही विचारलं ते थोड्या वेळात कळलं. त्यांना आत न्यायचंच नव्हतं. दाराशी एक खुर्ची ठेवली, 'आत धोका आहे, आजोबांनी इथे बसावं' म्हणाल्या. आवाज फार मृदू होता. मी थांबते म्हटलं तर आबाच म्हणाले, "जा तू. पैसं भरलंय." चाळीस मिनिटं ते त्या खुर्चीवर बसले. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी मला काय बघितलंस म्हणून विचारलं आणि मी सांगत असताना मान हलवत राहिले. त्या दिवशी रात्री ते जेवले नाहीत.

त्या बाईंवर माझा राग आहे, आजही आहे. त्यांनी काही वाईट शब्द वापरला नाही, हे मला मान्य आहे. पण त्या पूर्ण वेळ माझ्याशी बोलत होत्या. 'आजोबांना पाणी हवंय का?' हेही त्यांनी मलाच विचारलं. आबांचे डोळे गेलेत, कान नाही.

युआसाला यायचं मी जवळजवळ रद्द केलं होतं. आबाच म्हणाले, तिकीट काढलंयस ना, मग चल. तेन्नोजीहून वाकायामा आणि तिथून पुढे लोकल. फलाटावर पायाखाली त्या पिवळ्या खडबडीत पट्ट्या होत्या. आबांची काठी त्यावरून खरखरत चालली तेव्हा मी त्यांना सांगितलं, की ही कल्पना इथलीच आहे, ओकायामात १९६७ साली पहिल्यांदा अशा फरश्या बसवल्या, आता जगभर आहेत. आबा थांबले. काठी दोनदा फिरवून पाहिली. म्हणाले, "कुणाच्या तरी मनात आलं म्हणायचं."

युआसा स्टेशनात उतरलो आणि दार उघडल्याबरोबर आबांनी नाक वर केलं. "कसला मोहोर ह्यो?" मला काही दिसत नव्हतं. मग लक्षात आलं, मागच्या सगळ्या डोंगरांवर संत्र्याच्या बागा आहेत, आरिदाची मिकान म्हणतात ती हीच, आणि मेमध्ये त्या फुलतात. त्या गावात आधी आबांना दिसलं आणि मग मला. दिवसभर तसंच होत गेलं.

कितामाची गल्लीत शिरल्यावर मी त्यांना जमेल तेवढं सांगत होते. की शोयुचा जन्म ह्या गावात झाला असं मानतात. तेराव्या शतकात काकुशिन नावाचे भिक्षू चीनला गेले, तिथल्या मठात एक चटणीसारखा मिसो करतात तो शिकून १२५४ साली परतले आणि इथून जवळच युरा गावातल्या मठाचे प्रमुख झाले. सोयाबीन आणि धान्य आंबवून त्यात वांगी, काकडीच्या जातीची फळं, आलं घालून तो किनझानजी मिसो होतो. तो मुरताना तळाशी जे पाणी सुटलं ते कुणीतरी चाखून पाहिलं, आणि तिथून शोयु आला, असं सांगतात. आबा म्हणाले, "लोणच्याचा खार टाकून देत न्हाईत, तसंच." मी एवढे दिवस ते वाचत होते, इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

तुमच्या गल्लीतल्या घरांना लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या आहेत. आबा त्यांवरून बोटं फिरवत चालले. २००६ मध्ये सरकारनं हा सगळा भाग जपायचा म्हणून ठरवला, त्यामुळे जुनी घरं उभी आहेत. एका घराच्या जाळीशी थांबून ते म्हणाले, "ह्ये अलीकडं बसवलंय. कडा अजून बोचतात." शेजारची पट्टी मात्र गुळगुळीत झाली होती. मी दोन्ही बघितल्या, मला सारख्याच दिसल्या.

आणि मग तुमचं दार.

तुम्ही बाहेर आलात, कमरेला निळं कापड, पायात गमबूट. मला विचारलंत, नात्तो खाल्लंय का? मी नाही म्हटलं. मग तुम्ही आबांकडे वळलात, थोडे वाकलात, आणि त्यांनाच विचारलंत, "नात्तो?" नुसता एक शब्द. आबांना तो मागच्या कारखान्यात ऐकलेला आठवत होता. त्यांनी मान हलवली. "न्हाई. भाकरी." तुम्हाला भाकरी म्हणजे काय ते कळलं नसणार, पण तुम्ही 'हाय', म्हणजे बरं, म्हणून दार पूर्ण उघडलंत. काका, माझं निम्मं ओझं तिथेच उतरलं. ज्याला आत न्यायचं असतं त्यालाच तो प्रश्न विचारतात.

आत काय काय झालं ते सगळं लिहीत बसत नाही. सोयाबीन वाफवायचं, गहू भाजून भरडायचे, कोजी लावून तीन दिवस राखायचं, मग मिठाच्या पाण्यात कालवून पिंपात सोडायचं. हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या कालवणाला मोरोमी म्हणतात आणि ते दीड-दोन वर्षं मुरत ठेवतात एवढं आबांनी लक्षात ठेवलं आहे, आणि गावात येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात.

मला लिहायचंय ते माळ्याबद्दल.

त्या अरुंद जिन्यानं आबांना वर नेता येईल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही पुढे झालात, आबांचा हात तुमच्या खांद्यावर ठेवलात आणि पायरी पायरी थांबत वर गेलात. वर फळ्यांची वाट आणि दोन्ही बाजूंना जमिनीत उतरावीत तशी सुगीच्या लाकडाची मोठाली पिंपं, माणूस उभा बुडेल एवढी. सुगी म्हणजे इथला देवदारासारखा वृक्ष, आबा. ज्यांना दिसतं त्यांनाही तिथे भीती वाटावी. तुम्ही आबांची काठी मागून घेतलीत आणि फळीच्या डाव्या कडेला टकटक केलंत, मग उजव्या कडेला. इथपासून इथपर्यंत लाकूड आहे. काठी परत दिलीत. आबांनी स्वतः एकदा वाजवून पाहिलं आणि चालायला लागले. तुम्ही पिंपाच्या बाजूनं, त्यांच्या आणि तोंडाच्या मध्ये.

दारापासून तिसऱ्या पिंपाशी थांबलो. तुम्ही आबांचा तळवा काठावर ठेवलात. शंभर वर्षांहून जुनं लाकूड, त्यावर यीस्टचा आणि बुरशीचा काळा थर. तो कुणी खरवडत नाही, कारण चव त्यातच राहते. बाहेरून बांबूच्या विणलेल्या कड्या. आज जपानात होणाऱ्या शोयुतला जेमतेम एक टक्का अशा लाकडी पिंपात होतो. बाकी सगळा पोलादी टाक्यांत. आबांनी बांबूचा पीळ बोटांनी मोजला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, आणि तुम्ही हातानं मला थांबवलंत.

माळ्याच्या पार टोकाला एक पंखा घरघरत होता. हवा बाहेर फेकणारा, मोठ्या पात्यांचा. मला तोपर्यंत तो ऐकूही आला नव्हता. तुम्ही आबांचा हात काठावरून माझ्या हातात दिलात, 'थांबा' म्हणालात, आणि ती सगळी फळी चालत टोकाला गेलात. बटण बंद केलंत. पाती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिलात. मग खाली वाकून एका मुलाला काहीतरी सांगितलंत, तो पाइपनं क्रेट धूत होता. पाणी थांबलं. मग तुम्ही तेवढीच फळी चालत परत आलात, आबांचा हात पुन्हा काठावर ठेवलात, आणि काही बोलला नाहीत.

शांतता झाली. आणि त्या शांततेत, काका, मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. बारीक. पावसाचे पहिले थेंब कोरड्या पाचोळ्यावर पडावेत तसं. पिंपातलं मोरोमी फसफसत होतं. एक बुडबुडा, मग दोन, मग जरा थांबून खोलातून आलेला एक मोठा.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. आबांच्या चेहऱ्याकडे बघून, तुमच्या भाषेत, हळू विचारलंत, "किकोएमास का?" ऐकू येतंय का?

मी भाषांतर केलं नाही. करायची गरजच पडली नाही. आबांनी मान पुढे केली होती, कान पिंपाकडे. ते म्हणाले, "ह्ये तर उकळीला आलंय की."

आणि त्याच वेळी तुम्ही म्हणालात, "वाइतेमास."

तुमच्या भाषेत मोरोमीला बुडबुडे यायला लागले की ते 'वाकु' झालं म्हणतात, उकळायला लागलं, हे मला नंतर शब्दकोशात बघावं लागलं. तुम्ही दोघांनी एकमेकांचं एक अक्षर न कळता तेच वाक्य म्हटलं होतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की आबा हसताहेत. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

एक पंखा. भिंतीवरचं एक बटण. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. पण मी त्यानंतर कितीतरी रात्री त्याचा विचार केला आहे. तुम्ही आबांसाठी काही वेगळं, सोपं करून ठेवलं नाहीत, दया केली नाहीत. जे तिथे होतंच ते त्यांच्यापर्यंत पोचू देत नव्हतं ते एक तुम्ही बाजूला केलंत, आणि ते करायला वीस पावलं जाऊन वीस पावलं परत आलात. मला वाटतं, सज्जनपणा म्हणतात तो एवढाच असतो आणि इतकाच अवघड असतो. समोरच्याला काय नाही हे सगळ्यांना दिसतं. त्याच्याकडे काय आहे हे बघायला थांबावं लागतं, आणि फार थोडी माणसं थांबतात. मी त्यांची मुलगी, चार वर्षं त्यांचा हात धरून चालतेय, मीही थांबले नव्हते. मी त्यांना सतत 'काय दिसतं' ते सांगत होते.

त्या दिवशीच्या पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. खाली आल्यावर ते विटांचं चुलाण आणि त्यावरची लोखंडी कढई. पिळलेला कच्चा शोयु तिथे लाकडाच्या जाळावर तापवता. आबांनी विटांवरून हात फिरवत लाकडं घालायचं तोंड आपलं आपण शोधलं, आणि मग जे प्रश्न सुरू झाले ते मला पुरे पडेनात. लाकूड कुठलं? पाइनचं. मळी येते का वर? येते, काढावी लागते. झालं हे कशावरून कळतं? तुम्ही म्हणालात, तापमापक आहे, पण आधी नाकाला कळतं. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. मग तुम्हाला सांगायला लावलं, की आमच्याकडे रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतात, आणि पाक थेंबभर गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का बघतात. तुम्ही खिशातून वही काढून ते लिहून घेतलंत. माझ्या बापाचं बोलणं कुणी लिहून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आबांनी विचारलं, गावात असे कारखाने किती? तुम्ही म्हणालात, दोनशे वर्षांपूर्वी हजारएक घरांच्या ह्या गावात ब्याण्णव होते, आता एका हाताच्या बोटांवर मोजावेत. आबा बराच वेळ गप्प बसले. आमच्या गावात त्यांच्या तरुणपणी सात गुऱ्हाळं होती. आता एकच आहे. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, मला गाडीत सांगितलं.

जाताना तुम्ही आम्हाला दाइसेन खाडीपर्यंत सोडायला आलात. पूर्वी इथून शोयुची पिंपं होड्यांत चढवून ओसाकाला जायची. तिथे पाण्याच्या वासात तुमच्या कारखान्याचा वास मिसळलेला होता आणि आबा दोन्ही वेगळे करून सांगत होते.

हे पत्र इतक्या उशिरा लिहायचं कारण आहे. डिसेंबरात मी गावी गेले. गुऱ्हाळाचा हंगाम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा म्हणाले, चल, जाऊन येऊ. कुठे ते मी विचारलं नाही. चार वर्षांनी ते त्या वाटेला लागले. गुऱ्हाळावरची पोरं गडबडली. एकानं पटकन खुर्ची आणली, "आबा, हितं बसा, लांब, जाळ हाय." माझ्या पोटात गोळा आला. पण आबा बसले नाहीत. म्हणाले, "ते इंजिन बंद करा जरा." पोरांना कळेना. रस तर काढून झाला होता, इंजिन नुसतंच चालू होतं. बंद केलं.

आबांनी काठी डावी-उजवीकडे वाजवून काहिलीचा कट्टा कुठे आहे ते बघितलं आणि जवळ जाऊन उभे राहिले. रस उकळत होता. आधी मोठाल्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज, मग हळूहळू जड, दाट. नवा गुळव्या पोरगाच आहे, तेवीस-चोवीस वर्षांचा. आबांनी त्याला म्हटलं, "तुझं तू बघ. मी माझं ऐकतो." बऱ्याच वेळानं आबांनी हात वर केला, आणि त्याच क्षणी त्या पोरानं पाण्यातून गोळी काढून "झालं!" म्हणून हाक दिली.

आता ते रोज संध्याकाळी जातात. तो पोरगा त्यांना घरून घेऊन जातो आणि आणून सोडतो. चिपाडं कोरडी आहेत की दमट ते आवाजावरून कसं ओळखायचं हे त्याला शिकवणं चाललंय.

तुम्ही दिलेली शोयुची बाटली देवघराशेजारच्या फळीवर आहे. स्वयंपाकात वापरू देत नाहीत. आठवड्यातून एकदा झाकण उघडून वास घेतात आणि भातावर चार थेंब घालून खातात. माझ्या पत्राबरोबर एक ढेप पाठवली आहे, त्याच गुऱ्हाळावरची, आबा शेजारी उभे असताना उतरवलेली. ती कागदातून काढल्यावर लगेच खाऊ नका, आधी वास घ्या, असं त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलं आहे.

मेमध्ये आम्ही परत येतोय. मिकानची फुलं असतील तेव्हा. आबांचा एकच प्रश्न आहे आणि तो मी दर रविवारी फोनवर ऐकते. दारापासूनचं तिसरं पिंप पुढच्या हिवाळ्यात पिळणार असं तुम्ही म्हणाला होतात. ते अजून पिळलं नाही ना?

तुमची,
गुळव्याची मुलगी